शाळा उघडण्याआधीचे तास

बैठकीच्या आदल्या दिवशीच ताईनं सगळं ठरवून टाकलं होतं. भाऊशी फोनवर बोलून झालं, विहीणबाईंशी, म्हणजे धाकटीच्या सासूशी, बोलून झालं, मुलींच्या बॅगांत काय काय भरायचं तेही मनात लावून झालं. राहिली होती ती फक्त धाकटी बहीण, आणि तिला विचारायचं असतं हे ताईच्या डोक्यातच आलं नाही. यात दुष्टपणा काही नव्हता. आई गेली तेव्हापासून या घरातले निर्णय ताई घेत आली होती आणि बाकीचे ते पाळत आले होते. धाकटीनं स्वतःच्या मनानं केलं ते एक लग्नच, आणि त्या लग्नाचं काय झालं ते सगळ्यांच्या समोर होतं. नवरा गेल्या वर्षी दुसरं घर मांडून मोकळा झाला होता आणि दोन मुली हिच्या पदरात होत्या.

बैठक वस्तीच्या केंद्रात होती. खाली वाचनालय, वर एक लांबट खोली. एरवी तिथं अगदी लहान मुलांचा वर्ग भरायचा, त्यामुळे खुर्च्याही त्यांच्याच मापाच्या. बाबा बसले तेव्हा त्यांचे गुडघे छातीशी आले. भाऊ अर्धा खुर्चीवर आणि अर्धा हवेत असा टेकला. विहीणबाई मात्र ताठ बसल्या होत्या, जणू त्या खुर्च्या त्यांनीच निवडून आणल्या असाव्यात. समोर केंद्र चालवणाऱ्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि आरोग्य केंद्राची नर्स होत्या. धाकटी सगळ्यांत शेवटी आली. इस्पितळाच्या धुलाईघरातून ती थेट इकडेच आली होती. वाफेनं लाल झालेले हात तिनं मांडीवर ठेवले आणि समोरच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेल्या माशांकडे बघत बसली. टिकली आणि फौजदार, म्हणजे तिच्या दोन मुली, शेजारच्या खोलीत खेळत होत्या. मोठीला फौजदार का म्हणतात ते भिंतीपलीकडून येणाऱ्या तिच्या हुकमांवरून कुणालाही कळलं असतं.

"झालं काय ते सगळ्यांना माहीत आहे," केंद्राच्या बाई म्हणाल्या, "तरी एकदा सगळ्यांसमोर बोलूया. म्हणजे प्रत्येकाची गोष्ट वेगळी राहायला नको."

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच अंगावर काटा आणणारी होती. धाकटीची कामाची पाळी उजाडायच्या आधी सुरू व्हायची आणि शाळा उघडायची बऱ्याच उशिरा. मधल्या वेळात मुली घरात एकट्या. धाकटी बाहेरून कुलूप लावून जायची, सकाळच्या सुट्टीत धावत घरी यायची, मुलींना शाळेत सोडून पुन्हा धावत कामावर. गेल्या आठवड्यात टिकली भुकेनं रडायला लागली म्हणून फौजदारनं शेगडीवर दूध ठेवलं. भांड्यापाशी ठेवलेल्या फडक्यानं पेट घेतला. धूर बघून शेजारी धावले, पण दार काही उघडेना. लोकांनी हातोडे घातले, पहार घातली, कुलूप तसूभर हललं नाही. शेवटी शेजारच्या सुतारानं खिडकीची चौकट उखडून मुलींना बाहेर काढलं. टिकलीचा तळवा भाजला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय, हे तिथं कुणीच बोललं नाही.

ते कुलूप बाबांनी बनवलं होतं. शहराच्या या भागातली निम्मी दारं बाबांनी बंद केली होती आणि किल्ली हरवलेल्यांची तितकीच उघडून दिली होती. आता दुकान भाऊ चालवत होता. या घरातल्या माणसांना कुलूप दिसलं की निर्धास्त वाटायचं.

"खरं सांगू का बाई," भाऊ म्हणाला, "आम्ही तिघंही असेच वाढलो. आई गेल्यावर बाबांना कुणी ना कुणी बोलवायचं, कुणाचं दार अडकलं, कुणाची तिजोरी. आम्हाला दुकानामागच्या खोलीत ठेवून कुलूप घालून जायचे. काही झालं आम्हाला?"

"किल्ली कुणाकडे असायची?" आरोग्य केंद्राच्या नर्सनं विचारलं.

"बाबांकडे."

"आणि बाबा?"

"कामावर." बोलता बोलता भाऊचा आवाज खाली आला. ताईला नर्सचा रागच आला. बाहेरच्या माणसांनी इतके नेमके प्रश्न विचारू नयेत असं तिचं मत होतं.

मग केंद्राच्या बाईंनी त्यांची पद्धत सांगितली. शाळा, आरोग्य केंद्र आणि ही वस्तीतली मंडळी यांचं आपसात ठरलेलं होतं. एखाद्या घराची काळजी वाटली तर आधी घरच्यांना बोलवायचं आणि आपण काय देऊ शकतो ते त्यांच्यापुढे ठेवायचं. सुतारानं शाळेला फोन केला, शाळेनं केंद्राला, म्हणून आज सगळे इथे होते.

"बालकल्याण कार्यालय नंतर," बाई म्हणाल्या. "पण नंतर म्हणजे कधीच नाही असं समजू नका. मुली सुरक्षित आहेत अशी आमची खात्री पटली नाही तर कळवणं आमचं काम आहे. मग पुढचं त्यांच्या हातात. ते मुलींना घेऊन जाऊ शकतात."

धाकटीनं माशांवरची नजर काढली नाही. तिचा अंगठा मात्र दुसऱ्या हाताच्या बोटांत गच्च रुतला.

मुख्याध्यापिकांनी सांगितलं की शाळेचं सभागृह आता लवकर उघडेल; या मुलींसारखी आणखीही काही मुलं आहेत, त्यांना तिथं खायलाही मिळेल. नर्स दर आठवड्याला घरी येईल. धुलाईघराच्या मुकादमाशी केंद्राच्या बाई स्वतः जाऊन बोलल्या होत्या. उशिराची पाळी मिळेल, पण ती जागा रिकामी झाल्यावर. तोवर पहाटेपासून सभागृह उघडेपर्यंतचे तास उरत होते.

"ते तास आम्हाला भरता येत नाहीत," बाई म्हणाल्या. "ते तुम्ही घरच्यांनी सांगायचे. आम्ही बाहेर जातो. हवा तेवढा वेळ घ्या, चहा इथेच आहे. अट एकच. काय ठरलं ते मुलींच्या आईनं सांगायचं. तिच्या वतीनं दुसऱ्या कुणी सांगितलं तर आम्ही ते धरत नाही."

दार लागलं. ताईनं लगेच खुर्ची पुढं ओढली. कपड्यांच्या कारखान्यात ती सुपरवायझर होती. शिवणाऱ्या बायकांच्या रांगेतून फिरताना कुणाचा हात अडखळलेला दिसला की तो कपडा काढून घ्यायचा, आपण झटक्यात शिवून द्यायचा आणि पुढं जायचं, ही तिची रीत. बायका तिला वचकून असत आणि कामही वेळेवर होई.

"हे बघ," ती धाकटीला म्हणाली, "उगाच घोळ घालत बसण्यात अर्थ नाही. मुली विहीणबाईंकडे जातील. त्यांच्या गावात चांगली शाळा आहे, घर मोठं आहे. तू सुट्टीला जात जा. बाहेर जाऊन तू एवढंच सांग, आजीकडे ठेवतेय म्हणून. कार्यालयाची भानगडच नको."

"थोडे महिने गं," भाऊ म्हणाला. "तू सावरेपर्यंत."

"आणि सावरले हे कोण ठरवणार, दादा?"

भाऊनं ताईकडे बघितलं. त्यातच उत्तर आलं.

"तुला काय वाटतं, आम्हाला हौस आहे?" ताई म्हणाली. "परक्या माणसांनी उचलून न्यायच्या त्यापेक्षा आपल्या माणसांकडे राहिलेल्या काय वाईट? मी स्वतः नेऊन सोडीन. आजच. बॅगा मी भरते."

"बॅगा भरायचंही ठरलं," धाकटी म्हणाली. ती काही ओरडली नाही. भिंतीपलीकडे फौजदार कुणाला तरी रांगेत उभं करत होती.

आता विहीणबाई बोलल्या. या बाईंच्या नाकावर माशी बसत नाही असा सगळ्या सोयऱ्यांत लौकिक होता. मुलाच्या लग्नाला त्यांचा विरोध होता आणि मुलगा पळाला तेव्हा दोष त्यांनी सुनेलाच दिला असणार, असं ताईनं गृहीत धरलं होतं. म्हणूनच त्यांना पटवणं सोपं जाईल असाही तिचा हिशेब होता.

"ताई, एक विचारू? काल तुम्ही फोनवर म्हणालात, तुमच्या बहिणीचीच तशी इच्छा आहे. तिला विचारलं होतंत?"

"विचारायचं काय त्यात? दुसरा मार्ग आहे का तिच्यापुढे?"

"म्हणजे नाही विचारलं."

"विहीणबाई, तुम्ही तर हो म्हणाला होतात!"

"म्हणाले होते. आई मुली देतेय असं समजून म्हणाले. कुणी काढून घेतंय असं असेल तर मी त्यात नाही." त्या सुनेकडे वळल्या. "सूनबाई, इकडे बघ. द्यायच्यात का तुला मुली?"

"नाही, आई."

एवढंच. पण नंतर तिला थांबवेना.

"मला झोप हवीय. मी उभ्या उभ्या झोपते हो. चादरी मशीनमध्ये भरताना झोपते. कुलूप लावून निघाले की कोपऱ्यापर्यंत मागं वळून बघत जाते, आणि मग पळते, कारण उशीर झाला की पगार कापतात. मला माहीत नव्हतं का ते वाईट आहे? रोज माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलंस?" ताईचा आवाज चढला. "मी मेले होते का?"

"एकदा सांगितलं होतं. टिकलीला ताप होता तेव्हा. म्हटलं, ताई, एक रात्र माझ्याजवळ येऊन राहशील का? तू आलीस, तिला उचललंस आणि तुझ्या घरी घेऊन गेलीस. ताप उतरला तरी आणली नाहीस. मी रोज फोन करायची, तू म्हणायचीस, इथे मजेत आहे ती, तू आराम कर. मला आराम नको होता गं. मला माझी पोर हवी होती. शेवटी मला तुझ्याकडे येऊन ती मागून घ्यावी लागली." तिनं डोळे पुसले. "तुला सांगितलं की काम होतं, ताई. पण मग ते माझं राहत नाही."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडावर आलेली उत्तरं सगळी खरी होती: रात्रभर त्या पोरीच्या कपाळावर पट्ट्या कुणी ठेवल्या, औषधाला कोण धावलं, कामावरून रजा कुणी काढली. पण टिकलीला मागायला धाकटी आली होती तो दिवस तिला लख्ख आठवला. धाकटी उंबऱ्याबाहेर उभी होती. आत ये म्हटलं तरी आली नव्हती. तेव्हा ताईला वाटलं होतं, काय कृतघ्न पोरगी आहे. आता तेच आठवून तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यामुळे ती बाबांवरच उखडली.

"बाबा, तुम्ही काय मूग गिळून बसलात? काहीतरी बोला ना."

बाबांनी चहाचा कप जमिनीवर ठेवला. त्या खुर्चीवरून तो ठेवायला वाकावंही लागलं नाही.

"तुम्ही एकदा दुपारपर्यंत आत राहिला होतात," ते म्हणाले. "आठवतं?"

भाऊला आठवत नव्हतं. धाकटी तेव्हा फारच लहान होती. ताईला आठवत होतं. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत जमिनीवर आली होती, माठातलं पाणी संपलं होतं, आणि रडून रडून झोपलेल्या धाकटीला मांडीवर घेऊन ती दाराला कान लावून बसली होती. बाबा आले ते लंगडत. काम लांबलं म्हणाले. तिनंही पुढं कधी विचारलं नाही. तोच दिवस बहुधा, जेव्हापासून या घरात कुणालाच काही विचारायचं नाही, आपणच बघायचं, असं तिनं मनाशी धरलं.

"जिन्यावरून पडलो होतो," बाबा म्हणाले. "दवाखान्यात नेलं लोकांनी. घरी कोण आहे म्हणून विचारत होते. मी म्हटलं, कुणी नाही."

"बाबा!"

"सांगितलं असतं तर तुम्हाला नेलं असतं. तेव्हा असं बसवून चहा देणारं कुणी नव्हतं." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "हिनं कुलूप मागितलं तेव्हा कशाला हवंय ते विचारायला पाहिजे होतं मी. मी काय विचारलं? दार किती जाड आहे."

बाबांचा चेहरा हलत नव्हता, पण पाणी गालावरून खाली येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. धाकटी उठली आणि त्यांच्या बुटक्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली.

"मग मीच येते," विहीणबाई म्हणाल्या.

"कुठे?" भाऊनं विचारलं.

"कुठे म्हणजे? हिच्याकडे. हिची उशिराची पाळी लागेपर्यंत. माझं मोठं घर काय करायचंय, तिथं मी आणि भिंती. पहाटे मला जाग येतेच. पोरींची तोंडं धुवायची, शाळेत सोडायचं, एवढं मला झेपतं." मग त्या जरा अडखळल्या, आणि ही बाई अडखळते हे ताईनं प्रथमच पाहिलं. "माझ्या मुलानं केलं ते मला निस्तरता येणार नाही. पण नातींजवळ निजायला मला कुणाची परवानगी लागत नाही." पुन्हा थांबल्या. "लागते. तुझी लागते, सूनबाई."

धाकटीनं लगेच हो म्हटलं नाही. ताई खुर्चीतून पुढं झुकली. आयती चालून आलेली मदत, आणि ही विचार कसला करतेय!

"दोनच खोल्या आहेत, आई."

"मला एकच अंथरूण लागतं."

"आणि मुलींसमोर त्यांच्या बाबांचा विषय काढून रडायचं नाही. बोलायचंही नाही वाईट. मी नाही बोलत, तुम्हीही नाही."

"बोलायला शिकलीस की तू," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही स्तुती होती. "कबूल."

भाऊचा जीव भांड्यात पडला. दाराचं मी बघतो, तो उत्साहानं म्हणाला, आजच नवीन बसवतो. बाबांनी मान हलवली. "मी बसवीन. आतून नुसत्या हातानं उघडेल असं. फौजदारचा हात पोचतो का ते बघून." मग अवजारं आणून द्यायचं काम भाऊनं स्वतःकडे घेतलं. दुसरी किल्ली सुताराकडे ठेवायची, हे धाकटीनं सुचवलं. घरची किल्ली परक्याकडे, ही गोष्ट या घरात आजवर झाली नव्हती. बाबांनी क्षणभर ओठ आवळले आणि मग, बरं, म्हणाले.

ताईला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. सगळी कामं वाटून झाली होती आणि ती रिकाम्या हातांनी बसली होती. असं तिच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

"मी काय करू?" तिनं विचारलं. प्रश्न तिच्या स्वतःच्याच कानांना नवा वाटला.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि बाहेरची माणसं आत आली. नर्सच्या मागोमाग मुलीही घुसल्या. टिकली पट्टी बांधलेला हात वर धरून आईला जाऊन चिकटली. फौजदारनं सगळ्यांची हजेरी घेतल्यासारखी नजर फिरवली आणि आजोबांचे डोळे लाल का, असं विचारलं. बाबांनी तिला ओढून मांडीवर घेतलं.

धाकटीनं उभं राहून सांगितलं. आधी घाईघाईनं, मग सावकाश. सासूबाई येणार. दार बदलणार. सुताराकडे किल्ली राहणार. सभागृह उघडलं की मुली तिथं जाणार. दोनदा ती चुकली, शाळेचं आधी आणि दाराचं नंतर सांगितलं, आणि दोन्ही वेळा ताईची जीभ वळवळली. तिनं दातांखाली धरली. नर्सनं विचारलं, आजी आजारी पडल्या तर? धाकटी म्हणाली, दादा येईल. भाऊ चमकला, पण त्यानं मान डोलावली.

"आणि तुम्ही?" केंद्राच्या बाईंनी धाकटीला विचारलं. "तुमच्या झोपेचं काय?"

धाकटीनं श्वास घेतला. "रविवारी मला सुट्टी असते. रविवारी मी झोपेन. ताई मुलींना घेऊन जाईल."

ताईला क्षणभर खरंच वाटेना. एवढं सगळं बोलून झाल्यावरही ही मुली आपल्या हाती देतेय. तिला पुष्कळ सांगायचं होतं, रविवारी काय खायला करीन, कुठं फिरायला नेईन, टिकलीच्या हाताची पट्टी कशी बदलीन. यातलं काहीच तिनं सांगितलं नाही.

"आणि संध्याकाळी परत आणून सोडीन," ती म्हणाली. "ती उठायच्या आत."

सगळ्यांचं लक्ष धाकटीकडे गेलं. हे तिनंच सांगायला हवं होतं, आणि ती सांगत नव्हती. तिनं टिकलीचे केस मागं सारले, मग ताईकडे पाहिलं. ताईला ती नजर ओळखीची वाटली नाही. लहानपणापासूनची, काय करू विचारणारी नजर त्यात नव्हती. एक आई दुसऱ्या बाईला आपली मुलं द्यावीत की नाही हे बघत होती, आणि ताईनं खाली मान न घालता ते बघू दिलं.

"आणील," धाकटी शेवटी म्हणाली. "परत आणील ती. आणि नाही आणल्या तर मी आत येऊन घेऊन जाईन."

"ये," ताई म्हणाली. ती रडत होती.

नर्सनं मुख्याध्यापिकांकडे पाहिलं, मुख्याध्यापिकांनी केंद्राच्या बाईंकडे.

"मग कुणाला फोन करायची मला गरज दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मुलींना घरी न्या."